टोचणी

बाटली अंगठ्याएवढी, तपकिरी काचेची. तिच्यावर निळ्या पेनाने वेळ टाकलेली: 10.40.

गोवंडीत बैंगनवाडीतली अंगणवाडी. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर फळांचा तक्ता, दाराशी चपलांचा ढीग आणि कडेवर पोरं घेऊन उभ्या असलेल्या पंधरा-वीस बाया. नर्सबाईंनी गोवर-रुबेलाच्या लसीची बाटली शीतपेटीतून काढली आणि आधी झाकणावरची खूण पाहिली. एक गोल, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस शाबूत. दोन्ही एका रंगाचे झाले की समजायचं, लसीला उष्णता लागली, ती गेली. चौकोन फिका होता. बाईंनी कोरड्या लसीत द्रावण सोडलं, बाटली हलवली आणि सिरिंज भरण्याआधी पेन उचललं.

"वेळ कशाला लिहिता?" मी विचारलं.

"चार तास चालते. दोन-चाळीसला आत डोस उरले असले तरी फेकायची." मान वर न करता त्यांनी सांगितलं आणि पहिल्या पोराचा उजवा दंड धरला.

बाटलीवरच्या त्या वेळेत मला माझा हिरो दिसतो.

त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या संस्थेच्या पाटीवर हे नाव रोज कितीतरी लोक वाचतात. त्यातल्या बऱ्याच जणांना हा कुणी इंग्रज लाटसाहेब असावा असं वाटतं. लाटसाहेबांनी त्याला किती छळलं ते पुढे येईलच. हाफकिन ज्यू घरातला, जन्म 1860 चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. धर्म बदलला असता तर तिथल्या विद्यापीठात जागा मिळाली असती. त्याने बदलला नाही. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला, तिथेही आधी काम मिळालं ते ग्रंथालयात. पुस्तकं सांभाळता सांभाळता त्याने पटकीची लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती टोचली, पहिल्यांदा स्वतःला.

ती घेऊन तो 1893 मध्ये हिंदुस्थानात आला. पटकी जिथे घर करून बसली होती तिथे, म्हणजे बंगालमध्ये गेला. लोक घाबरले. गोरा माणूस, हातात सुई, आणि म्हणतो रोग टोचतो म्हणजे रोग होणार नाही! एकदा तर दगड आले, काचेचं सामान फुटलं. हाफकिन मागे हटला नाही. सदरा वर केला आणि बरोबरच्या डॉक्टरला स्वतःच्या कुशीत सुई खुपसायला लावली. समोरची माणसं बघत राहिली, मग हळूहळू पुढे आली.

म्हणून तो माझा हिरो आहे. दुसऱ्याच्या पोराला सुई लावायची तर आधी आपल्या अंगाला लावावी, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

पण नुसत्या धाडसावर मी भाळलेलो नाही. धाडस बाबाबुवांकडेही असतं. हाफकिनकडे त्याबरोबर हिशोब होता. 1894 मध्ये कलकत्त्याच्या कट्टलबागान वस्तीत पटकी आली. दोनशे माणसांच्या त्या वस्तीत 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर दहा जणांना पटकी झाली, सात गेले. दहाच्या दहा लस न घेतलेल्यांतले. टोचलेल्यांची मोजदाद कुणीही करेल. हाफकिनने न टोचलेल्यांचीही केली. लस खरी की खोटी, ते त्या दुसऱ्या रकान्याशिवाय कळतच नाही.

आता मुंबई.

सप्टेंबर 1896. मांडवीत गोदामांच्या वस्तीत उंदीर मरू लागले, मागोमाग माणसं. गोव्यात हडफड्याला जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग्याची गाठ पाहून सांगितलं, हा प्लेग आहे. त्यांचा पुतळा आज धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे. शहर रिकामं व्हायला लागलं तेव्हा, ऑक्टोबरात, हाफकिन मुंबईत उतरला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि बाहेरची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्याने काम सुरू केलं. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे होते, पण त्यांना तरंगायला आधार हवा होता. त्याने अर्कावर तुपाचे थेंब सोडले. तुपाला धरून जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढले. ते तापवून मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. आपल्या स्वयंपाकघरातलं तूप, भायखळ्याची पडवी आणि तीन महिने. जगातली प्लेगची पहिली लस अशी झाली.

10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा 10 घनसेंटिमीटर, पुढे लोकांना दिली त्याहून बरीच मोठी. ताप चढला, अंग ठणकलं, आणि काही दिवसांत तो उठून कामाला लागला. त्याच महिन्याच्या अखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपणहून तयार झाले, जवळजवळ निम्मे, त्यांना लस दिली आणि उरलेल्यांचीही नोंद ठेवली. पुन्हा तोच दुसरा रकाना.

आता एक तारीख शेजारी ठेवा. 10 मार्च 1897. हाफकिनने सुई घेतली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले. त्या दिवशी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घालून त्यांनी आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं आणि त्यात त्यांना लागण झाली. भायखळ्यात लस तयार होती. मुंढव्यापर्यंत ती पोचायची होती. लस असणं वेगळं आणि लस पोचणं वेगळं. मधल्या अंतरात कोण मरतं, ते ह्या दोन तारखा सांगतात.

त्याच पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताला सरकारने रँडसाहेब नेमला. सोजीर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत बूट गेले, आजारी समजून धडधाकट माणसं ओढून नेली. पाठीशी 4 फेब्रुवारी 1897 चा साथीच्या रोगांचा कायदा होताच. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. 22 जूनला चापेकरांनी रँडला गोळी घातली. त्याच साथीत मुंबईत तरुण आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली, हाफकिनच्या कामाला आपला खुश्रू लॉज बंगला दिला, आणि त्यांच्या खोजा जमातीतले हजारो लोक रांगेत उभे राहिले. साथ एकच. एकीकडे बुटाची लाथ, दुसरीकडे वर केलेली बाही. लोक कशाच्या मागे गेले, ते इतिहासात लिहिलेलं आहे.

आणि अशा माणसाचं सरकारने काय केलं?

30 ऑक्टोबर 1902, पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी 107 जणांना लस टोचली. त्यातले 19 जण धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. बाटलीचा क्रमांक 53 एन. ती हाफकिनच्या परळच्या प्रयोगशाळेत भरलेली होती, म्हणून दोष परळचा, म्हणजे हाफकिनचा. त्याला बिनपगारी रजेवर धाडलं आणि संचालकपद काढून घेतलं. पुढे साक्षींत काय निघालं? टोचणाऱ्याच्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बाटलीचं बूच काढलं होतं. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सरकारने त्याला निर्दोष ठरवलं. तोवर पाच वर्षं गेली. परळची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. कलकत्त्यात काम मिळालं, पण माणसांना लस देऊन बघण्याची परवानगी नाही. 26 ऑक्टोबर 1930 रोजी तो लोझानमध्ये वारला. 1897 ते 1925 ह्या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर पडले होते.

जमिनीवर पडलेला एक चिमटा. एका माणसाचं नाव आणि एकोणीस जणांचे जीव.

म्हणून बैंगनवाडीत नर्सबाईंनी सुईआधी पेन उचललं तेव्हा माझे डोळे भरून आले. उघडलेल्या बाटलीत जंतू शिरू शकतात, म्हणून चार तास. एकाची सुई दुसऱ्याला लागू नये, म्हणून एकदा दाबली की अडकणारी आणि पुन्हा न भरता येणारी सिरिंज. मुलकोवालचं नाव बाईंनी कदाचित ऐकलंही नसेल. मुलकोवालला जे पाळलं गेलं नाही ते त्या रोज पाळतात. एखाद्या शास्त्रज्ञाला हिरो मानायचं म्हणजे काय, ह्याचं यापेक्षा चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पोरांना अब्दुल कलामांच्या केसांचा टोप घालून स्टेजवर उभं करता, करा. पण टोप संध्याकाळी उतरतो. बाटलीवरची वेळ रोज लिहावी लागते.

आता गोवंडीबद्दल, सरळ.

ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस इथल्या रफी नगरात दोन-तीन दिवसांत तीन मुलं दगावली. गोवर. मग एम-पूर्व विभागात घरोघर तपासणी, केंद्राचं पथक, चॅनलवाल्यांच्या गाड्या. रोगी मुलं चिंचपोकळीच्या कस्तुरबात नेली. कस्तुरबा म्हणजे जुनं आर्थर रोडचं रुग्णालय, जिथे 1896 च्या प्लेगचे रोगी नेत होते. सव्वाशे वर्षं लोटली तरी साथीचं आवार तेच. फरक एवढाच की 1896 मध्ये प्लेगची लस नव्हती म्हणून माणसं मेली. गोवराची लस तयार आहे, फुकट आहे, आपल्या पुण्यातच बनते. तरी पोरं गेली.

"गोवरच आहे, येऊन जाईल," असं आपल्या आज्या म्हणत. सगळ्यांच्या बाबतीत येऊन जात नाही तो. एक रोगी, लस नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना गोवर देतो. खोलीतून रोगी निघून गेला तरी त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. जिथे एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे हे किती पटापट होत असेल, ते बघा. अंगात जीवनसत्त्व अ कमी असेल, पोर आधीच खंगलेलं असेल, तर गोवर फुप्फुसात उतरतो. आणि जाताना शरीराने आधीच्या रोगांशी लढून केलेली नोंदवहीसुद्धा पुसून जातो, म्हणजे वाचलेलं पोरही पुढे कितीतरी दिवस दुबळंच राहतं. हे थांबवायचं तर शंभरातल्या पंच्याण्णव पोरांना दोन्ही डोस मिळायला हवेत.

त्या दिवसांत बाकीच्या मुंबईने गोवंडीसाठी एकच शब्द वापरला: अडाणी. त्यांना लस नको असते. अफवांवर विश्वास ठेवतात.

अफवा होत्या, मी नाकारत नाही. पण त्या अंगणवाडीच्या दारात मी एका आईला विचारलं, पोराचा गोवराचा पहिला डोस वेळेवर का नाही झाला? ती म्हणाली, "सुई से बुखार आता है, भाई." ह्यात अडाणीपणा कुठे आहे? दीड महिन्याच्या पोराला सुई टोचली, रात्री ताप आला. ती रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा. खाड्याचे पैसे कापले. पुढच्या सुईला ती आली, पुन्हा ताप, पुन्हा खाडा. नऊ महिन्यांच्या सुईची तारीख आली तेव्हा तिने हिशोब केला. आणि मध्ये कोविडचं वर्ष गेलं, सत्रं बंद पडली, खोली बदलली, कार्ड पावसात भिजलं.

ह्या आईला कुणी हे सांगितलं नव्हतं की गोवराच्या लसीचा ताप सहसा त्या रात्री येत नाही. आलाच तर आठवड्या-दीड आठवड्याने येतो, थोडा असतो, आणि पॅरासिटामॉलने उतरतो. सांगायला दोन मिनिटं लागतात. वॉर्डातल्या आरोग्यसेविका हेच करत गल्लोगल्ली फिरतात. उन्हात, कचऱ्याच्या डोंगराच्या वासात, तुटपुंज्या मानधनावर. दार उघडलं नाही तर परत जातात. भाडेकरू बदलला तर शेजाऱ्याकडून नवा पत्ता काढतात. 2022 मध्ये मशिदींतून आवाहनं झाली, त्यांनाही ह्याच बायांच्या चपला झिजल्याचं बळ होतं. एक सेविका मला म्हणाली, "मी आधी माझ्या नातवाचं कार्ड दाखवते. मग त्या त्यांचं काढतात."

हाफकिनला सदरा वर करावा लागला होता. ह्या बाईने नातवाचं कार्ड पुढे केलं. गोष्ट एकच.

आता टोचणी. ही वाचकाला आहे.

गोवंडीनंतरचं स्टेशन चेंबूर. मधे काही मिनिटं. चेंबूरच्या, देवनारच्या, घाटकोपरच्या कितीतरी घरांत सकाळी केर-फरशी करायला, भांडी घासायला, तुमची नातवंडं सांभाळायला जी ताई येते, ती ह्याच वस्तीतून येते. तिच्या पोराची तारीख असते त्या दिवशी तुम्ही तिला सुट्टी देता का? दिलीत तर पैसे कापता का? रात्री पोराला ताप आला म्हणून दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तर फोनवर काय बोलता? गोवंडीच्या आईला अडाणी म्हणण्याआधी ह्या तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःला द्या. लस गोवंडीपर्यंत येते. शेवटचं अंतर आहे ते आईच्या कामाच्या ठिकाणापासून अंगणवाडीच्या दारापर्यंतचं, आणि ते बऱ्याचदा तुमच्या हातात असतं.

सरकारलाही सांगायचं आहे. गोवंडीत साथ आली की पथकं पाठवता, ते बरोबर. पण साथ नसते तेव्हा आरोग्यसेविकेला वेळेवर आणि पुरेसं मानधन द्या. बाया कामावरून परततात तेव्हा, संध्याकाळी आणि रविवारी, सत्रं ठेवा. आणि प्रत्येक वस्तीचा तो दुसरा रकाना, न टोचलेल्यांचा, लोकांसमोर मांडा. हाफकिनने 1894 मध्ये हाताने लिहून तो मांडला होता. तुमच्याकडे संगणक आहेत.

हे सदर वाचून झालं की उठा आणि घरातल्या पोराचं लसीचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दोन्ही चौकटींत तारीख आहे का, ते बघा. मग घरात काम करणाऱ्या ताईंना विचारा, त्यांच्या पोराच्या कार्डात आहे का.

त्या दिवशी दोन-चाळीसला नर्सबाईंनी बाटली उचलली. आत एक डोस उरला होता. यादीतलं एक पोर आलं नव्हतं. शेजारणीने सांगितलं, आईला कामावरून सोडलं नाही. बाईंनी यादीत त्या नावापुढे गोल केला आणि पुढच्या सत्राची तारीख लिहिली. त्या दिवशी तिला सुट्टी द्या. भरपगारी.